ओव्याचा वास

टेबलावर ठाकूरसाहेब होते आणि शवविच्छेदनाच्या खोलीच्या दाराबाहेर तीस-चाळीस माणसं. त्यातले निम्मे पोलीस. उरलेले कोण होते ते मला आजही माहीत नाही. टीआय पटेल, म्हणजे ठाण्याचे इनचार्ज, दारातूनच म्हणाले, "डॉक्टर साहब, भोपाल से तीन बार फोन आ चुका है. जल्दी भी करना है और गलती भी नहीं करनी है."

मी हातमोजे घालत होतो. म्हटलं, "दोन्ही एकदम होत नाही, पटेलसाहेब. एक काहीतरी सांगा."

ते हसले नाहीत.

ठाकूरसाहेब हे त्यांचं खरं नाव नाही. ते गुप्तचर खात्याचे अधिकारी होते, वय चव्वेचाळीस. बालाघाटला येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं. आमचा जिल्हा जंगलाचा. असा अधिकारी इथे येतो तेव्हा तो काय करतो हे कुणी विचारत नाही, पण सगळ्यांना वाटतं की आपल्याला माहीत आहे. लालबर्रा रोडला, गावाच्या टोकाशी, त्यांनी एक घर भाड्याने घेतलं होतं. कुटुंब दूर, दुसऱ्या राज्यात. इथे ते एकटेच. त्या दिवशी सकाळी आठ वाजता ड्रायव्हर गाडी घेऊन आला, तर साहेब पलंगावर बेशुद्ध. जिल्हा रुग्णालयात आणलं तेव्हा संपलेलं होतं. अशा केसला आम्ही 'ब्रॉट डेड' लिहितो.

मी तेव्हा जिल्हा रुग्णालयात मेडिकल ऑफिसर होतो. पीएम, म्हणजे शवविच्छेदन, बहुतेक माझ्याकडेच यायचं. कॉलेजात असताना फॉरेन्सिकमध्ये मला सुवर्णपदक मिळालं होतं. आमच्याकडे ही गोष्ट एवढीच उपयोगी की कुजलेली बॉडी आली की सगळे माझ्याकडे बोट दाखवत.

पीएममध्ये काय मिळालं ते सांगतो. नखं आणि ओठ निळसर. फुप्फुसं रक्ताने गच्च. श्वास कोंडून माणूस गेला की असं दिसतं. पण श्वास कशाने कोंडला ते शरीरावर दिसत नव्हतं. गळ्यावर खूण नाही, तोंडावर दाबल्याची खूण नाही. हृदय वरवर चांगलं. पोटात थोडंसं पाणी, त्याला ओव्याचा वास. डाव्या हाताच्या करंगळीच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे दोन ठिपके. मी लिहिलं, 'कीटकदंश?' पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि पुढच्या रकान्याकडे वळलो.

पोलिसांच्या पंचनाम्यात लिहिलं होतं: पक्कं घर, दार आतून बंद नाही, मृतदेह पलंगावर, भांडणाच्या खुणा नाहीत. बस.

मी व्हिसेरा ठेवला. व्हिसेरा म्हणजे पोट, यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांचे तुकडे. ते बरण्यांत भरून प्रयोगशाळेत पाठवतात, विष आहे का ते पाहायला. रक्त ठेवलं. हृदय वेगळ्या तपासणीला पाठवलं. रिपोर्टवर लिहिलं, 'मत राखून ठेवलं आहे.' याचा अर्थ, मला आज सांगता येत नाही. डॉक्टरांना हे वाक्य लिहायला आवडत नाही आणि लोकांना वाचायला तर त्याहून आवडत नाही.

संध्याकाळपर्यंत निळ्या नखांचा फोटो गावभर फिरला. कुणी काढला, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कटिंगला गेलो तर न्हावी माझ्या मानेवर वस्तरा ठेवून म्हणाला, "साहब, जहर था ना? बस हाँ-ना बोल दो." भाजीबाजारात एकजण दुसऱ्याला सांगत होता की साहेबांनी दोन्ही बाजूंना बातम्या विकल्या. कोर्टासमोरच्या हॉटेलात एका वकिलाचं म्हणणं असं की हे काम त्यांच्याच खात्याने केलं. कुणी म्हणालं बाईचं प्रकरण. मलाजखंडहून आलेल्या एका पेशंटने मला अशी माहिती दिली की साहेब मेलेलेच नाहीत, टेबलावरचा माणूस दुसराच होता. त्या माणसाला मी स्वतः शिवलं होतं. तरी मी क्षणभर विचारात पडलो, एवढ्या खात्रीने तो बोलत होता.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण तिसऱ्या दिवशी मुकुंद बोलला.

मुकुंद म्हणजे डॉ. मुकुंद देशकर. आम्ही इथल्या शाळेत एका बाकावर होतो. मेडिकलला जबलपूरला एका वर्गात, एका होस्टेलात. अभ्यासात मी पुढे, तो कसाबसा पास. फॉरेन्सिकच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मीच त्याच्याकडून विषांची यादी पाठ करून घेतली होती. मग मी सरकारी नोकरीत लागलो, त्याने नर्सिंग होम काढलं. पंचवीस वर्षांत असं झालं की गावात कुणाला ताप आला तरी मुकुंद, लग्नाचं पहिलं कार्ड मुकुंदला, शाळेच्या गॅदरिंगला पाहुणा मुकुंद. माझी सख्खी सासू वारासिवनीहून बसने येते, माझ्या घरी चहा पिते आणि बीपी दाखवायला त्याच्याकडे जाते. "तिथे जरा बोलतात हो पेशंटशी," असं तिने मला एकदा सांगितलं. मी बोलत नाही, हे त्यात आलंच.

मी हे सगळं हसून सांगायचो. हसू खरं नव्हतं.

तर तिसऱ्या दिवशी दवाखान्यात राउंडला गेलो आणि पाहिलं, सिस्टर मंडळी एका मोबाइलभोवती गोळा झालेली. एका लोकल यूट्यूब चॅनलवर मुकुंद बसला होता. खाली लाल अक्षरांत, 'शहर के बड़े डॉक्टर का सनसनीखेज खुलासा! नीले नाखूनों का राज!'

सिस्टर म्हणाली, "सर, देशकर सर किती छान समजावून सांगतात न?"

मी अर्धा मिनिट पाहिलं. मुकुंद नखं निळी का होतात ते सांगत होता. 'विष' हा शब्द ऐकला आणि पुढे निघालो.

तो ज्या बॉडीवर बोलत होता ती त्याने पाहिलीही नव्हती. मी तीन तास उभा राहिलो होतो. आणि मला बोलायची परवानगी नव्हती, कारण मी सरकारी आणि केस पोलिसांची. रात्री जेवताना मी भाजी ताटात तशीच ठेवली. मंगलाने, माझ्या बायकोने, विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." तिने मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ताट उचललं.

चौथ्या दिवशी ओपीडीच्या बाहेर एका न्यूज पोर्टलच्या पत्रकाराने मला गाठलं. नम्र माणूस होता. म्हणाला, "सर, डॉक्टर देशकर तो कह रहे हैं कि ऐसे में जहर भी हो सकता है. आप क्या कहेंगे?"

'नो कमेंट' म्हणायचं असतं. हे मी हजार वेळा म्हटलंय.

मी म्हणालो, "उन्होंने बॉडी देखी है क्या? मैंने देखी है. पेट में अजवाइन की गंध थी. ये बात उनको मालूम है?"

बस, एवढंच बोललो. ते तोंडातून निघालं तेव्हा मला खूप बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, घरी जाईपर्यंत बरं वाटत होतं.

संध्याकाळी त्या पोर्टलवर आलं, 'मृत अफसर के पेट से निकली रहस्यमयी गंध!' अजवाइनचा, म्हणजे ओव्याचा, वास 'रहस्यमय' झाला. रात्रीपर्यंत त्याची 'जहर की गंध' झाली. सकाळी टीआय पटेल माझ्या टेबलासमोर.

"डॉक्टर साहब, अजवाइन वाली बात आपने रिपोर्ट में लिखी है?"

"लिखी है."

"हमको ध्यान ही नहीं गया. घर में अजवाइन किसने दी होगी? वो खाना बनाने वाली है एक. सुमनबाई."

ओवा विष नाही, कुणाच्याही घरात असतो, हे मी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "तपास तुमचा विषय आहे."

सुमनबाई लालबर्ऱ्याजवळच्या एका खेड्यातली. विधवा. गावातल्या एका वॉर्डात खोली करून राहायची आणि तीन घरी स्वयंपाक करायची, त्यातलं एक घर ठाकूरसाहेबांचं. तिने पोलिसांसमोर लगेच कबूल केलं की त्या दिवशी सकाळी तिने साहेबांना ओवा घातलेलं पाणी दिलं. झालं. पोर्टलवर तिचा फोटो आला, डोक्यावर पदर, हातात पिशवी. खाली लिहिलेलं, 'आखिरी गिलास किसने दिया?' तिला रोज सकाळी दहाला ठाण्यात बोलवायचे आणि संध्याकाळी सोडायचे. अटक केली नव्हती. पण बाकीच्या दोन घरांनी काम सोडायला सांगितलं. घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली. हे मला कळत होतं, कारण ठाण्यातला एक हवालदार शुगरच्या गोळ्या न्यायला माझ्याकडे यायचा आणि सगळं सांगायचा.

मी काय करत होतो? मी वाट पाहत होतो. हृदयाचा रिपोर्ट येईल, हार्ट अटॅक निघेल, सुमनबाई सुटेल आणि मुकुंद तोंडावर पडेल. या चार गोष्टींपैकी शेवटची मला सर्वांत जास्त हवी होती. आज लिहिताना लाज वाटते, पण होती.

चौदाव्या दिवशी हृदयाचा रिपोर्ट आला. हृदय उत्तम. रक्तवाहिन्या एखाद्या तरुण मुलासारख्या.

सिव्हिल सर्जनसाहेबांनी, म्हणजे माझ्या बॉसने, केबिनमध्ये बोलावलं. "अब क्या?"

"व्हिसेरा येऊ द्या, सर."

"व्हिसेरा में जहर निकला तो वो औरत गई. नहीं निकला तो लोग बोलेंगे हमने दबा दिया. तुम समझ रहे हो न, हर हाल में गाली किसको पड़ेगी?"

समजत होतं.

सतरावा दिवस रविवार होता. दुपारी मंगला भाजी निवडत बसली होती आणि मी मुकुंदबद्दल काहीतरी बोललो. काय, ते आठवत नाही. त्या दिवसांत मी दर तासाला त्याच्याबद्दल काहीतरी बोलायचो. तिने मेथीची जुडी खाली ठेवली.

"तुम्ही तो व्हिडिओ पूर्ण पाहिला का हो?"

"काय पाहायचं त्यात?"

"मी पाहिला. पूर्ण. तुम्ही पण पाहा." तिने स्वतःच लावून दिला आणि मोबाइल माझ्यासमोर उभा करून ठेवला. "मी इथेच बसते. मध्ये उठायचं नाही."

व्हिडिओ अठ्ठावीस मिनिटांचा होता. सुरुवातीला मुकुंद सांगत होता की निळी नखं म्हणजे विषच असं नाही. श्वास थांबवणारी कुठलीही गोष्ट असू शकते, विष हे त्यातलं फक्त एक. म्हणजे मी जो शब्द ऐकून निघून गेलो होतो, त्याच्या पुढच्याच वाक्यात तो ते नाकारत होता. मुलाखत घेणारा पुन्हा पुन्हा विष, विष करत होता. बाविसाव्या मिनिटाला मुकुंद म्हणाला, "देखिए, पोस्टमार्टम जिसने किया है वो हमारे बैच का सबसे अच्छा फॉरेन्सिक वाला है. मैं तो उसके नोट्स पढ़कर पास हुआ. एक संभावना मेरे मन में है, वो मैंने उसको मैसेज कर दी है. यहाँ नहीं बोलूँगा. उसकी रिपोर्ट का इंतजार कीजिए."

मंगला मेथी निवडत होती. माझ्याकडे पाहत नव्हती.

मेसेज मला माहीत होता. म्हणजे आला होता हे माहीत होतं. पीएमच्या दुसऱ्या दिवशी मुकुंदचे दोन फोन आले होते आणि मग एक मेसेज. फोन मी घेतले नव्हते. याला आता आतली माहिती हवी आहे, चॅनलवर सांगायला, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मेसेज न उघडता ठेवला होता.

तो उघडला. लिहिलं होतं, 'दिलीप, पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं अशी काही हिस्ट्री आहे का? करैत डोक्यात ठेव. तुला सांगायची गरज नाही, पण ठेव. चॅनलवाले मागे लागलेत. काय बोलू, काय नको, तेवढं कळव.'

करैत म्हणजे मण्यार साप. आमच्याकडे धानाच्या रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत हा घरात शिरतो. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि चावलेलं बहुतेक वेळा कळतसुद्धा नाही. सूज नाही, आग नाही, खूण दिसली तर दिसली. पहाटे पोटात दुखतं. मग पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. माणूस निळा पडतो. पोस्टमार्टममध्ये श्वास कोंडल्यापलीकडे फारसं काही मिळत नाही.

हे मी परीक्षेत लिहून सुवर्णपदक घेतलं होतं. करंगळीजवळच्या दोन ठिपक्यांपुढे प्रश्नचिन्ह माझ्याच अक्षरातलं होतं. तिथली कातडी कापून ठेवायला हवी होती. ठेवली नव्हती. पलंग आणि पक्कं घर वाचून मी सापाचा विचार सोडून दिला होता, आणि तिसऱ्या दिवसानंतर विचार करायला डोक्यात जागाच नव्हती.

सोमवारी सकाळी मी टीआय पटेलांना गाठलं आणि म्हटलं, मला सुमनबाईशी बोलायचं आहे. ते म्हणाले, "बयान तो हो चुका है." मी बयान, म्हणजे जबाब, वाचायला मागितलं. दीड पान होतं. प्रश्न, हो. प्रश्न, नाही. पाणी दिलं का? हो. त्यात काय घातलं? ओवा. स्वतःहून दिलं का? हो. ओव्याशिवाय काय घातलं? काही नाही. हाच शेवटचा प्रश्न सहा वेळा. ती बोलू शकली असती असा एकही प्रश्न नव्हता. "ती आज येणार आहे का?" मी विचारलं. ती त्या दिवशी ठाण्याची परवानगी घेऊन गावाला गेली होती, आईला भेटायला. मंगळवारी येणार होती.

मंगळवारी ठाण्याच्या मागच्या खोलीत ती माझ्यासमोर बसली. बारीक अंगाची, पन्नाशीची बाई. माझ्याकडे पाहायला तयार नव्हती. मी मराठीतून विचारलं, "बाई, त्या दिवशी सकाळी तुम्ही घरात पाय ठेवला तिथपासून सांगा. घाई नाही."

मराठी ऐकून तिने मान वर केली.

"मी सहा वाजता गेलती," ती म्हणाली. "साहेबाईनं सोताच दार उघडलं. म्हने, बाई, पेट में बहुत दर्द है."

"उभे होते?"

"उभे होते, पर भिताले धरून. बोलनं बी बरोबर नोहोतं. जीब जड झाल्यावानी."

"आणि डोळे?"

मग तिने स्वतःचं बोट उचललं आणि स्वतःच्या पापणीखाली लावून पापणी वर केली. "असं करून मले पाहे. बोटानं. डोये उघडतच नोहोते त्याईचे. म्या म्हटलं, झोप झाली नसन रातभर."

माझ्या शेजारी बसलेल्या पटेलांनी पेन खाली ठेवलं.

"मग?"

"मंग म्या ओवा देल्ला कोमट पान्यात. पोट दुखलं त आमी तेच देतो. पर त्याईले गिळताच नाही आलं. थोडंसं गेलं असन, बाकीचं नाकातून वापस आलं. मले म्हने, सोता हूँ थोडा. म्या गादी उचलून पलंगावर टाकली न त्याईले निजवलं."

"गादी उचलून? आधी कुठे होती गादी?"

"खालीच. कंबर दुखे न साहेबाची. रोज खालीच झोपे. सकाडी मीच गादी पलंगावर टाको." तिने पटेलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग मी सैपाकघरात गेली. पोळ्या करून राह्यली होती. आठ वाजता डायवर आला न वरडला."

पटेल म्हणाले, "ये सब तुमने पहले क्यों नहीं बताया?"

"तुमी पुसलं कुठी, साहेब? तुमी म्हटलं, हाँ या ना में बोल. म्या हौ म्हटलं."

पटेलांनी पेन पुन्हा उचललं. मला जे सांगायचं होतं ते तिच्यासमोर सांगायचा धीर होत नव्हता. शेवटी बोललो. म्हटलं, "बाई, ओव्याच्या वासाची गोष्ट पेपरवाल्याला मी सांगितली होती. माझ्यामुळे तुम्हाला हा त्रास झाला."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमी डॉक्टर हा न?" ती म्हणाली. "तुमाले त मालूम राह्यते, ओव्यानं मानूस मरत नाही. मंग काहून सांगितलं?"

'काहून'ला माझ्याजवळ एक उत्तर होतं, पण ते मी तिला देऊ शकत नव्हतो. मुकुंद देशकर कोण हे तिला माहीतही नव्हतं.

पुढचं भराभर झालं. दुपारी सर्पमित्राला घेऊन पोलीस त्या घरी गेले. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पाण्याने भरलेली. न्हाणीघराच्या मोरीला जाळी नव्हती. बाजूच्या कोठीत विटांचा ढीग होता आणि त्याच्या तळाशी अडीच फुटी करैत निघाला. काळा, अंगावर पांढरे आडवे पट्टे. सर्पमित्राने तो बरणीत घातला तेव्हा तो अगदी शांत होता. मी ठेवलेल्या रक्ताचा एक भाग बाहेरच्या एका संशोधन संस्थेकडे गेला. सापाच्या विषाची चाचणी फार थोड्या ठिकाणी होते. काही आठवड्यांनी दोन्ही अहवाल आले. व्हिसेऱ्यात कुठलंही विष नाही. रक्तात करैताच्या विषाचे अंश. तीन डॉक्टरांच्या पॅनलने अंतिम मत दिलं, त्यात एक सही माझी.

त्याआधी मी आणखी एक कागद लिहिला होता. केसमधली माहिती पत्रकाराला मी दिली, असं त्यात होतं. बॉसने तो वाचून माझ्याकडे परत सरकवला. "लिखकर मत दो. किसी ने पूछा है क्या?"

"नाही, सर."

"फिर?"

"सुमनबाईंच्या फाइलला जोडायचा आहे. संशय कुठून सुरू झाला हे फाइलमध्ये दिसलं पाहिजे."

त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि सही केली. मला लेखी ताकीद मिळाली आणि सहा महिने पीएम ड्यूटीवरून काढलं. बरोबरच होतं.

सुमनबाईला ठाण्यातून मोकळं केलं. पण त्या वॉर्डात तिला परत काम मिळालं नाही. साप निघाला हे सगळ्यांनी वाचलं होतं, तरी बायका म्हणायच्या, कशाला उगाच. ती लालबर्ऱ्याला परत गेली. मंगलाने खटपट करून तिला तिथल्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळवून दिलं. मी नाही, मंगलाने. मी गेलो असतो तर तिने घेतलं नसतं, असं मंगलाचं म्हणणं, आणि ते खरं असावं.

लोकांचं काय झालं? साप निघाल्यावर आठवडाभर गाव गप्प होतं. मग न्हाव्याने मला विचारलं, "साहब, वो साँप छोड़ा किसने था?" आजही बालाघाटात तुम्ही विचारलंत तर दहा-पाच लोक त्या सापाला कुणी, कुठून, कुठल्या गाडीतून आणलं ते सांगतील.

मी मुकुंदकडे गेलो. त्याच्या केबिनबाहेर वीस पेशंट बसले होते. तरी त्याने आत बोलावलं. मी मेसेजबद्दल सांगितलं. केव्हा उघडला तेही सांगितलं. तो ऐकत होता.

"मला वाटलं, तू पाहिलं असशील," तो म्हणाला. "तुझ्या लक्षात आलं नसेल असं मला वाटलंच नाही, म्हणून परत फोन नाही केला. करायला पाहिजे होता."

म्हणजे चूक त्यानेच स्वतःच्या अंगावर घेतली. मग चहा मागवला.

अंतिम अहवालानंतर तेच चॅनल पुन्हा त्याच्याकडे गेलं. या वेळी मी पूर्ण पाहिलं. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं की साँपवाली बात सबसे पहले आपको सूझी थी, ऐसा सुना है. मुकुंद म्हणाला, "जिसने बॉडी देखी, निशान उसी ने लिखे थे. मैं तो घर बैठे बोल रहा था. उनसे पूछिए." आणि त्याने विषय बदलून लोकांना गादी जमिनीवर न टाकता खाटेवर टाकायला, मच्छरदाणी गादीखाली खोचायला सांगितलं. किती छान समजावून सांगतो, असं मला वाटलं. एवढं सगळं होऊनही मला त्याचे आभार मानावेसे वाटले नाहीत. असं मोकळं बोलता येतं याचा हेवाच वाटला. तो हेवा अजूनही गेलेला नाही. फक्त आता मी त्याला ओळखतो.

सहा महिन्यांनी पीएम ड्यूटी परत मिळाली. मागच्या वर्षी रिटायर होईपर्यंत केली. एक बदल केला होता. हत्याराला हात लावण्याआधी, मेलेल्या माणसाला शेवटचं जिवंत ज्याने पाहिलं त्याला बोलावून खुर्ची द्यायची आणि 'सुरुवातीपासून सांगा' म्हणून गप्प बसायचं. नव्या डॉक्टरांनाही तेच सांगायचो. याला साधारण पंधरा मिनिटं लागतात. त्या केसमध्ये मला एकोणीस दिवस लागले.